आजी-आजोबांच्या पट्ट्या: मायोसिस स्वतःच्या हातांनी कसं करून बघावं

माझा रक्तगट ओ निगेटिव्ह. बाबांचा ए पॉझिटिव्ह, आईचा बी पॉझिटिव्ह, ताईचा एबी पॉझिटिव्ह. चौघांचे चार गट. कॉलेजच्या पहिल्या वर्षी रक्तदान शिबिरात माझं कार्ड लिहिणाऱ्या माणसानं सहज घरच्यांचे गट विचारले आणि म्हणाला, "आईचाही नाही, वडिलांचाही नाही? असं कसं? पुन्हा तपासून घे." त्याच्यापुरता विषय तिथंच संपला. मी मात्र आठवडाभर घरात कुणाशी धड बोलले नाही. आरशासमोर उभं राहून आईचं नाक, बाबांचं कपाळ स्वतःच्या चेहऱ्यात शोधत राहायचे.

शेवटी धीर करून जीवशास्त्राच्या बाईंना विचारलं. त्यांनी काही समजावून सांगितलं नाही. वहीचं पान फाडून पट्ट्या कापायला लावल्या, हातात एक नाणं दिलं आणि म्हणाल्या, "आता तुझे बाबा हो." तासाभरानं टेबलावर ओ निगेटिव्ह पडलेलं होतं, माझ्याच हातांनी तयार झालेलं.

तो खेळ होता मायोसिसचा, म्हणजे शुक्रपेशी आणि अंडपेशी घडवणाऱ्या पेशीविभाजनाचा. आता मी स्वतः हा विषय शिकवते आणि दर वर्षी वर्गात पट्ट्या मांडते. बाईंच्या मूळ खेळात मी खरी मापं घातली, काही चुका मुद्दाम करायला लावायला सुरुवात केली. तुम्ही विद्यार्थी असा, पालक असा किंवा नुसतं कुतूहल असो, एका संध्याकाळी हे घरी होतं.

आधी हे ठरवा: अदलाबदल कुणाची?

मुलांना मायोसिसच्या अवस्था, लेप्टोटीन, झायगोटीन, पॅकिटीन, डिप्लोटीन, डायकायनेसिस, हे सगळं सुलट-उलट पाठ असतं. मग मी विचारते, "ज्या मायोसिसमधून तू आलास, त्यात गुणसूत्रांची अदलाबदल कुणाकुणात झाली?" उत्तर येतं, "माझ्या आईच्या आणि बाबांच्या." आणि इथंच सगळं फसतं.

बाबांच्या शरीरात शुक्रपेशी तयार होत होती तेव्हा तिथं माझी आई कुठून आली? तिथं होती बाबांना त्यांच्या आईकडून मिळालेली २३ गुणसूत्रं आणि वडिलांकडून मिळालेली २३. म्हणजे माझी आजी आणि माझे आजोबा. अदलाबदल झाली ती त्या दोघांच्या गुणसूत्रांत. आईबाबांची गुणसूत्रं माझ्या पेशीत पहिल्यांदा भेटली खरी, पण माझ्या त्वचेच्या किंवा यकृताच्या पेशीत ती आपापली वेगळी राहतात. त्यांची देवाणघेवाण माझ्या अंडपेशी घडताना होते आणि ती दिसते माझ्या मुलांमध्ये.

म्हणून या खेळात एकच नियम कडक पाळायचा. कुठलाही तुकडा हातात घेतला की तो आजीचा की आजोबांचा, हे शेवटपर्यंत सांगता आलं पाहिजे. अवस्थांची नावं विसरलात तरी चालेल.

पट्ट्या कापताना

दोन रंगांचे कागद, कात्री, चिकटपट्टी, पट्टी, पेन, चार टाचण्या किंवा कागदाच्या क्लिपा, एक नाणं आणि थोड्या चिठ्ठ्या. निळा रंग आजोबांचा, पिवळा आजीचा.

माणसाच्या गुणसूत्रांच्या सगळ्या २३ जोड्या करत बसू नका. मी दोनच घेते, पहिली आणि नववी, कारण रक्तगटाची दोन महत्त्वाची जनुकं या दोन गुणसूत्रांवर आहेत. माप असं: १ सेंटीमीटर म्हणजे डीएनएची १ कोटी अक्षरं. पहिलं गुणसूत्र साधारण २५ कोटी अक्षरांचं, तेव्हा पट्टी २५ सेंटीमीटर. नववं जवळपास १४ कोटींचं, पट्टी १४ सेंटीमीटर. मुलांना मी इथं थांबवून एक गोष्ट सांगते. १ कोटी अक्षरांचा खरा डीएनए सरळ ताणला तर ३.४ मिलिमीटर भरतो. तुमच्या हातातली कागदाची पट्टी खऱ्या रेणूच्या फक्त तिप्पट लांब आहे! खरा फरक जाडीत, तो रेणू एका मिलिमीटरचा पाच लाखावा भाग इतका बारीक असतो.

आता खुणा. नवव्या पट्टीवर एका टोकापासून साडेचार सेंटीमीटरवर गुणसूत्रबिंदूची, म्हणजे गुणसूत्राच्या दोन प्रती जिथं जोडलेल्या राहतात त्या जागेची, फुली मारा, पहिल्यावर साडेबारा सेंटीमीटरवर. पहिल्या पट्टीवर वरच्या टोकापासून अडीच सेंटीमीटरवर एक चौकट काढा, ते गट पॉझिटिव्ह की निगेटिव्ह हे ठरवणाऱ्या आरएच-डी (थोडक्यात डी) जनुकाचं ठिकाण. नवव्या पट्टीवर फुलीपासून दूरच्या टोकाकडे, १३.३ सेंटीमीटरवर ए, बी की ओ हे ठरवणाऱ्या एबीओ जनुकाची चौकट.

चौकटीत काय लिहायचं? इथं मला माझ्या घरचा आधार आहे. बाबांच्या जुन्या फायलीत आजोबांचा गट ए निगेटिव्ह लिहिलेला होता आणि आजीचा ओ पॉझिटिव्ह. ओ गटाच्या आजीकडून बाबांना ओ शिवाय दुसरं काही मिळूच शकत नाही, तेव्हा बाबांचा ए आजोबांकडून आला. आजोबा निगेटिव्ह, म्हणजे त्यांच्याकडून डी मिळणं शक्य नाही. तेव्हा बाबांचा डी आजीकडून. एकही अंदाज नाही, सगळं वजाबाकीनं निघतं. निळ्या नवव्या पट्टीवर ए, पिवळ्या नवव्यावर ओ. निळ्या पहिल्या पट्टीवरची चौकट रिकामी, पिवळ्या पहिल्यावर डी.

ही अक्षरं म्हणजे नेमकं काय, हे एका दमात सांगते. ए आणि बी या रूपांतून एकेक विकर (एन्झाइम) तयार होतं आणि ते लाल पेशीच्या पृष्ठभागावर वेगवेगळी साखर जोडतं. ओ मध्ये नेहमी आढळणाऱ्या प्रकारात जनुकातलं एकच अक्षर गळालेलं असतं, त्यामुळे विकर बनतं ते निकामी. म्हणून ए-ओ असलेल्या बाबांचा गट ए दिसतो. ओ आत असतो, पण दिसत नाही. आरएच निगेटिव्ह माणसात बहुतेक वेळा डी जनुकच गुणसूत्रावर नसतं, म्हणून चौकट रिकामी ठेवायची. कार्ल लँडस्टायनर यांनी रक्तगट दाखवले १९०१ मध्ये, पण ते तीन रूपांच्या एकाच जनुकानं ठरतात हे फेलिक्स बर्नस्टाइन यांनी मांडलं १९२४ मध्ये. मधली वर्षं सगळ्यांचाच घोळ चालला होता, हे मी प्रत्येक वर्गात सांगते. तेवढ्यानं मुलांचा ताण उतरतो.

कृपया इथं कानाची पाळी चिकटलेली की सुटी, जीभ वळते की नाही, अशी उदाहरणं घेऊ नका. पुस्तकांत ती अजून फिरतात. आनुवंशिकीचे मोठे अभ्यासक आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनीच १९४० मध्ये जीभ वळणं एका जनुकाचं लक्षण म्हणून मांडलं होतं, मग १९५२ मध्ये एकसारख्या जुळ्यांपैकी एकाची वळते आणि दुसऱ्याची नाही अशा जोड्या सापडल्या. जीभ वळते की नाही यावरून एखाद्या मुलानं आपल्या आईबापांवर शंका घ्यावी, याहून वाईट शिकवणं कुठलं?

प्रत आणि जोडी

प्रत्येक पट्टीची हुबेहूब दुसरी प्रत करा, त्याच रंगात, त्याच अक्षरांसह. मूळ आणि प्रत फुलीवर टाचणीनं एकत्र टोचा. या जुळ्या पट्ट्या म्हणजे दोन अर्धगुणसूत्रं. पेशी विभाजनाला हात घालण्याआधी हे करून ठेवते. आतापर्यंत नवं काहीच घडलेलं नाही, फक्त सामान दुप्पट झालं.

आता निळी जुळी आणि पिवळी जुळी शेजारी शेजारी, डोक्याला डोकं लावून ठेवा. पहिलं पहिल्याजवळ, नववं नवव्याजवळ. शरीरातल्या इतर पेशींचं साधं विभाजन म्हणजे मायटोसिस, त्यात हे शेजार लावणं होत नाही, तिथं प्रत्येक गुणसूत्र एकटंच मधोमध येतं. मायोसिसचं सगळं वेगळेपण या शेजारातून सुरू होतं. खेचराचं उदाहरण घ्या. घोड्याची गुणसूत्रं ६४, गाढवाची ६२, खेचराला मिळतात ६३. शरीर धडधाकट चालतं, कारण त्यासाठी मायटोसिस पुरतं. पण युग्मक, म्हणजे शुक्रपेशी किंवा अंडपेशी, बनवायची वेळ आली की जोडीदारच नीट जुळत नाहीत, म्हणून खेचर जवळजवळ नेहमी वंध्य असतं.

कात्री

हा भाग घाईत उरकू नका. माझ्या तासाची निम्मी वेळ इथं जाते.

१ ते १३ आकड्यांच्या चिठ्ठ्या करा, एक उचला. समजा ९ आला. नवव्या जोडीतली एक निळी आणि तिच्या शेजारची एक पिवळी पट्टी, दोन्ही वरून ९ सेंटीमीटरवर कापा. खालचे तुकडे बदलून चिकटवा. जोडीतली उरलेली निळी आणि उरलेली पिवळी यांना हात लावायचा नाही. समोर बघा. चार पट्ट्यांपैकी एक पूर्ण निळी, एक पूर्ण पिवळी, आणि दोन अशा, ज्या आजोबांकडे नव्हत्या, आजीकडेही नव्हत्या. निळ्या डोक्याच्या पट्टीला आता शेपटीशी ओ आहे.

पहिल्या जोडीसाठी १ ते २४ चिठ्ठ्या घ्या. लांब गुणसूत्रात एकाहून जास्त ठिकाणी अदलाबदल होते, तेव्हा दोन चिठ्ठ्या उचलल्या तरी खऱ्याच्या जवळच जाल. माणसाच्या एका शुक्रपेशीत सगळ्या गुणसूत्रांवर मिळून सरासरी २६ च्या आसपास अदलाबदली असतात, अंडपेशीत त्याहून बऱ्याच जास्त, साधारण ४०.

कात्री कोण चालवतं, हे कळलं तेव्हा मी थक्क झाले होते. एरवी पेशी डीएनए तुटू नये म्हणून जिवाचं रान करते. इथं ती स्वतःच स्पो-११ नावाचं प्रथिन लावून दोन्ही धागे मुद्दाम शेकडो जागी तोडते आणि मग शेजारच्या जोडीदाराकडे बघून दुरुस्त करते. त्यातल्या थोड्याच दुरुस्त्या अदलाबदलीत संपतात. पण प्रत्येक जोडीत निदान एक तरी व्हावी लागते, कारण तीच गाठ जोडीला विभाजनापर्यंत बांधून ठेवते. फ्रान्स यानसेन्स यांनी १९०९ मध्ये सॅलमँडरच्या पेशींत या गाठी बघून अदलाबदलीचा तर्क केला. प्रत्यक्ष तुकडे बदलतात याचा डोळ्यांना दिसणारा पुरावा हॅरिएट क्रायटन आणि बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी १९३१ मध्ये मक्यात दिला. त्यांनी निवडलेल्या गुणसूत्राच्या दोन्ही टोकांना सूक्ष्मदर्शकातून ओळखता येतील अशा खुणा होत्या, अगदी आपल्या रंगीत कागदासारख्या.

आता तीन चुका मुद्दाम करून बघा.

एकाच निळ्या जुळीतल्या दोन पट्ट्या कापून आपसात बदला. काय फरक पडला? काहीच नाही, कारण त्या एकमेकींच्या प्रतीच आहेत.

निळी ९ वर कापा आणि पिवळी ६ वर. तुकडे बदलल्यावर एक पट्टी लांब झाली, एक आखूड. एकीत काही जनुकं दोनदा आली, दुसरीत ती नाहीतच. जागा तंतोतंत जुळणं किती महत्त्वाचं आहे, हे मी सांगण्यापेक्षा ती वेडीवाकडी पट्टी जास्त चांगलं सांगते.

तिसरी चूक मला सगळ्यांत आवडते. दोन्ही जोड्या निळ्याच घ्या, अक्षरंही सारखी. हवं तितकं कापा, जोडा, नाणं उडवा. शेवटी जे होतं तेच हातात येतं. मायोसिस नवी अक्षरं घडवत नाही. आजी आणि आजोबा वेगळे होते, म्हणूनच त्यांची सरमिसळ करण्यात काही अर्थ आहे. तो मूळचा वेगळेपणा येतो उत्परिवर्तनातून, म्हणजे प्रत काढताना राहून गेलेल्या चुकांतून. प्रत्येक नवजात बाळात आईबाबा दोघांतही नसलेली अशी साधारण ६०-७० नवी अक्षरं असतात. चुका अक्षरं पुरवतात, मायोसिस त्यांच्या नव्या ओळी लावतं.

आणि एक बारकावा. दोन जनुकं एकमेकांच्या जितकी जवळ, तितकी कात्री नेमकी त्यांच्या मधे पडण्याची शक्यता कमी. एबीओच्या अलीकडे सुमारे १२.७ सेंटीमीटरवर आणखी एक चौकट काढा. त्या जनुकात बिघाड झाला तर नखं आणि गुडघ्याच्या वाट्या नीट घडत नाहीत, त्याला नेल-पटेला सिंड्रोम म्हणतात. काही कुटुंबांत हा विकार ठरावीक रक्तगटाबरोबरच पुढे जातो, हे रेनविक आणि लॉलर यांनी १९५५ मध्ये दाखवलं. रक्तगटामुळे तो विकार होतो असं मुळीच नाही, दोघं शेजारी आहेत इतकंच. साधारण दहात एकदा कात्री त्या अर्ध्या-पाऊण सेंटीमीटरमध्ये पडते आणि सोबत तुटते. ही जवळीक मोजूनच स्टर्टेव्हंट यांनी १९१३ मध्ये फळमाशीच्या गुणसूत्राचा पहिला नकाशा काढला.

छापा की काटा

आता नाणं. टेबलाच्या मधोमध एक दोरा टाका. पहिल्या जोडीसाठी नाणं उडवा: छापा आला तर निळ्या फुलीची जुळी डावीकडे, काटा आला तर उजवीकडे. नवव्या जोडीसाठी पुन्हा उडवा. दुसऱ्या नाण्याला पहिल्याचा निकाल माहीत नसतो, आणि नेमकं हेच पेशीत घडतं. एलिनॉर कॅरोथर्स यांनी १९१३ मध्ये नाकतोड्यांत हे पाहिलं. त्यांच्या एका जोडीतली दोन गुणसूत्रं दिसायलाच असमान होती, म्हणून कुठलं कुठं गेलं हे त्यांना मोजता आलं.

डावीकडचं एका पेशीत, उजवीकडचं दुसऱ्या पेशीत. जोड्या सुटल्या, ४६ चे २३ झाले. हे पहिलं विभाजन.

दोन जोड्या असल्या तर मांडणीतून चार प्रकारची युग्मकं निघतात. वाटाण्यात ७ जोड्या, १२८ प्रकार. माणसात २३, म्हणजे तेवीस वेळा दोन मांडून त्या सगळ्यांचा गुणाकार करा: ८३,८८,६०८. हे नुसत्या नाण्यावर, कात्री धरलेलीच नाही. कात्री धरली की आकडा लिहिण्यात अर्थ उरत नाही.

माझ्या बाबांकडे परत या. आजोबांकडून बाबांना ए आणि रिकामी चौकट एकत्र मिळाली होती, आजीकडून ओ आणि डी एकत्र. मला बाबांकडून हवा होता ओ आणि रिकामी चौकट, म्हणजे नववं आजीचं आणि पहिलं आजोबांचं, निदान त्या-त्या जागी तरी. ही जोडी बाबांना कुणीच दिलेली नव्हती. ती बाबांच्या शरीरात पहिल्यांदा जुळली. पट्ट्या मांडून जेव्हा हे समोर दिसलं, तेव्हा आठवडाभराचं ओझं उतरलं. मी परकी नव्हते. माझ्यात आजी आणि आजोबा दोघंही होते, फक्त नव्या ओळीत लागलेले.

दुसरं विभाजन वाया जात नाही

आता टाचण्या काढा आणि जुळ्या सुट्या करा. प्रत्येक पेशीतून दोन, एकूण चार युग्मकं. "हे तर मायटोसिससारखंच" म्हणून मुलं इथं पान उलटतात. थांबवा त्यांना. कात्री चाललेली नसती तर दोन्ही पट्ट्या हुबेहूब एक असत्या आणि कुठली कुठं गेली यानं काही बिघडलं नसतं. पण आता एक पट्टी पूर्ण निळी आहे, तिची जुळी निम्मी पिवळी. म्हणून इथंही प्रत्येक जुळीसाठी नाणं उडवा. काही वेळा ए आणि ओ पहिल्या विभाजनात वेगळे होतच नाहीत, एकाच जुळीच्या दोन पट्ट्यांवर राहतात आणि दुसऱ्या विभाजनात सुटतात. निकाल मात्र तोच, निम्म्यांत ए, निम्म्यांत ओ.

चारही युग्मकं ओळीनं ठेवा. तुमच्या टेबलावरची चार आणि शेजारच्या टेबलावरची चार ताडून बघा. माझ्या वर्गात आजवर दोन गटांची चारही युग्मकं तंतोतंत जुळलेली मी पाहिलेली नाहीत, आणि ही फक्त दोन गुणसूत्रं!

पुरुषांसाठी एक टीप. एक्स आणि वाय यांची जोडी टोकांशीच जुळते, मधल्या मोठ्या भागाला जोडीदार नाही. तेव्हा वायची पट्टी केलीत तर तिला टोकं सोडून कात्री लावू नका. ती आजोबांकडून नातवापर्यंत जवळजवळ अखंड येते.

आईची बाजू

हाच खेळ आईसाठी करा, दुसरे दोन रंग घेऊन. यांत्रिकी तीच, दोन गोष्टी वेगळ्या.

पहिली, चारांपैकी एकच अंडपेशी होते. जवळजवळ सगळं अन्न आणि पेशीद्रव तिच्याकडे जातं. बाकीच्या वाट्याला थोडासा पेशीद्रव येतो आणि त्या ध्रुवीय पेशी म्हणून विरून जातात. चार मांडा, डोळे मिटून एक उचला, बाकीच्या बाजूला ठेवा.

दुसरी गोष्ट सांगताना मी दर वेळी थोडी हळू बोलते. स्त्रीच्या शरीरात मायोसिस सुरू होतं ते तिच्या जन्माआधी. गुणसूत्रांची जोडी लागते, अदलाबदल होते, आणि मग सगळं थांबतं. पहिल्याच विभाजनाच्या पूर्वावस्थेत, वर्षानुवर्षं. पाळी सुरू झाल्यावर त्यातली एखादी पेशी पुढे सरकते, पहिलं विभाजन पूर्ण करते आणि पुन्हा थांबते. दुसरं विभाजन पूर्ण होतं शुक्रपेशी आत शिरल्यावरच. याचा अर्थ असा, की माझ्या आईकडच्या आजी-आजोबांची जी सरमिसळ माझ्यात आहे, ती झाली तेव्हा आई आजीच्या पोटात होती. बाबांकडची सरमिसळ झाली त्यांच्या तरुणपणी. माझे दोन अर्धे भाग किती वेगवेगळ्या काळात कापले-जोडले गेले!

इतकी वर्षं थांबण्याची किंमतही आहे. जोडी बांधून ठेवणारी बंधनं वयानुसार सैल होतात आणि कधी एखादी जोडी सुटत नाही, दोन्ही एकीकडे जातात. २१ व्या गुणसूत्राच्या बाबतीत असं झालं की बाळात ते तीन येतात आणि डाउन सिंड्रोम होतो. हे जादा गुणसूत्र १९५९ मध्ये पॅरिसमध्ये लेज्यून, गोतिए आणि त्युर्पँ यांनी दाखवलं. पट्ट्यांवर करून दाखवायचं असेल तर नाणं उडवल्यावर दोन्ही जुळ्या एकाच बाजूला सरकवा. शिकवताना शब्द जपून वापरा, वर्गात कुणाच्या तरी भावंडाला तो असू शकतो.

दोन ढीग, एक मूल

बाबांची युग्मकं एका ढिगात, आईची दुसऱ्या ढिगात. प्रत्येकातून एक उचला. हे फलन. कात्री बाजूला ठेवून फक्त नाण्यांचा हिशोब केला तरी एका जोडप्याच्या मुलात ८३,८८,६०८ गुणिले ८३,८८,६०८ इतक्या शक्यता, म्हणजे ७० लाख कोटींहून जास्त. ताई आणि मी एकाच घरातून, पण या ढिगांतून वेगवेगळ्या वेळी उचललेल्या. सख्ख्या भावंडांत सरासरी निम्मा वारसा सामाईक असतो असं आपण म्हणतो, पण ती सरासरी. प्रत्यक्ष मोजल्यावर तो साधारण ३७ पासून ६२ टक्क्यांपर्यंत सापडलेला आहे.

माझं उत्तर लिहून ठेवा. बाबांकडून ओ येण्याची शक्यता निम्मी, आईकडूनही निम्मी, म्हणून ओ गटाची चारात एक. निगेटिव्हचीही चारात एक. दोन्ही वेगळ्या गुणसूत्रांवर असल्यामुळे गुणाकार करायचा: सोळात एक. ओ निगेटिव्ह मुलगी होणं या घरात नवल नव्हतं. ताईनं बाबांकडून ए आणि आईकडून बी उचलला, म्हणून एबी. चार गटांपैकी कुठलाही या जोडप्याला होऊ शकतो.

मुलं घरी जाऊन सगळ्यांचे गट विचारतात, तेव्हा एक सूचना मी फळ्यावर लिहून ठेवते: गट जुळत नाही असं वाटलं तर घरी बोलण्याआधी मला येऊन विचारा. गट चुकीचा नोंदलेला असू शकतो. दुर्मीळ रूपंही असतात. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये नोंदवलेल्या बॉम्बे रक्तगटात माणसाकडे ए किंवा बीचं जनुक धडधाकट असू शकतं, पण ज्यावर साखर जोडायची तो पायाच तयार होत नाही, म्हणून नेहमीच्या तपासणीत तो ओ दिसतो. दोन अक्षरांच्या कार्डावरून कुणाचं नातं ठरवू नये, हे मला एका आठवड्यात कळलं होतं. माझ्या वर्गातल्या कुणाला ते तसं कळायला नको.

शेवटी पट्ट्या फेकू नका. एका पाकिटात घालून वर नावं लिहा. माझ्याकडे बाईंसोबत केलेलं पाकीट अजून आहे. त्यात बाबांच्या पट्ट्यांवर शाईनं लिहिलेलं आहे, कारण आजोबांचा ए आणि आजीचा डी पक्का. आईच्या पट्ट्यांबाबत तसं करता आलं नाही. तिच्या एका नवव्यावर बी आणि दुसऱ्यावर ओ, एका पहिल्यावर डी आणि दुसऱ्यावर काही नाही, इतकं माझ्या गटावरून सांगता येतं. पण त्यातलं कुठलं तिच्या आईकडून आणि कुठलं वडिलांकडून, याच्या चार शक्यता उरतात, आणि त्या दोघांचे गट कधी तपासलेच गेले नाहीत. म्हणून त्या चार पट्ट्यांवर मी पेन्सिलीनं लिहून ठेवलंय.